पानाचा रंग उडणार हे माहीत असून असं चित्र विकत घ्यावं का? (ठाण्यातलं कोलाज प्रदर्शन)

तलावपाळी | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय कारण प्रश्न खरंच पडलाय आणि घरात दोन तट पडलेत.

आज दुपारी घंटाळीला मावशीकडे गेले होते, परत येताना एका छोट्या हॉलच्या दारात पाटी दिसली, निसर्गावरच्या कोलाजचं प्रदर्शन, प्रवेश विनामूल्य. दहा मिनिटं डोकावू म्हणून शिरले ती पावणेदोन तासांनी बाहेर पडले. ज्या ताईंचं काम आहे त्या वर्तकनगरला राहतात, साठीच्या आसपास, बँकेतून निवृत्त झालेल्या. (नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही.) एकूण ३१ चित्रं, सगळी आपल्याच आसपासची. येऊर, उपवन, पारसिकचा डोंगर, ऐरोलीची खाडी. रंग फार थोडा वापरलाय, बाकी सगळं चिकटवलेलं. वाळलेली पानं, शेंगा, सावरीचा कापूस, साड्यांचे काठ, जुन्या वह्यांचे कागद, पारसिकचा डोंगर तर चक्क पॉलिश पेपरचा, त्यावर हात फिरवला तर खरखर लागेल असा.

खाडीचं एक मोठं चित्र आहे. लांबून फ्लेमिंगोंचा थवा दिसतो, फिकट गुलाबी, काही माना पाण्यात घातलेले. जवळ गेले तेव्हा कळलं की सगळे पक्षी लग्नपत्रिकांचे आहेत. एकाच्या मानेवर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढं नीट वाचता येतं, दुसऱ्याच्या पंखावर 'चि. सौ. कां.' आणि पुढचं नाव फाडलेलं. आणि तिवराची ती चिखलातून वर डोकावणारी मुळं असतात ना, ती उदबत्तीच्या काड्यांची, प्रत्येक काडीचं टोक जळकं. मी तिथेच उभी राहिले कितीतरी वेळ.

पण मला हवंय ते दुसरंच, येऊरचा भाद्रपद. सागाची चार पानं एकमेकांवर, जाळी झालेली, नुसत्या शिरा उरलेल्या, मागे जुन्या इरकलीचा हिरवा तुकडा, तो जाळीतून दिसतो, आणि खाली कोपऱ्यात नेच्याचं एक छोटं हिरवं पान. किंमत साडेआठ हजार. ताईंनी स्वतःहून सांगितलं की नेच्याचा हिरवा रंग टिकणार नाही, घेताना माहीत असू दे.

घरी आले, फोनवर फोटो दाखवला. मुलगा (नववीत आहे) म्हणाला हे तर आम्ही चौथीत केलं होतं. नवरा म्हणतो साडेआठ हजार देऊन रंग उडणारी वस्तू कशाला. मला दोघांनाही उत्तर देता आलं नाही आणि चित्र काही डोळ्यांपुढून जात नाहीये. प्रदर्शन पुढच्या रविवारपर्यंत आहे. तर सांगा, घ्यावं का? आणि मुळात आपल्याकडच्या दमट हवेत असलं काही टिकतं का?

लोकलप्रेमी | रात्री १०:३०

रुमाल टाकून ठेवतेय. फोटो टाक ना गं.

तलावपाळी | रात्री १०:३४

फोटो काढू दिले पण नेटवर टाकू नका अशी विनंती केलीय त्यांनी, म्हणून नाही टाकत. सॉरी.

कोपरीचे_आजोबा | रात्री ११:०५

टिकतं का याचं माझ्यापुरतं उत्तर देतो. वडिलांच्या ज्ञानेश्वरीत पिंपळाचं एक पान आहे. मी शाळेत असताना त्यांनी ठेवलेलं, म्हणजे पन्नास वर्षं सहज झाली. नुसती जाळी आहे, धरून उजेडाकडे केलं की पलीकडची खिडकी दिसते. शिराळाहून ठाण्याला आलो तेव्हा, चाळीतून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा, २६ जुलै २००५ ला खालच्या मजल्यावर पाणी भरलं तेव्हा सुद्धा ती पोथी वर माळ्यावर होती म्हणून वाचली. पान अजून जसंच्या तसं. पण एक लक्षात घ्या, ते अंधारात आहे, दाबून ठेवलेलं आहे, आणि वर्षातून दोनदाच उघडतं. भिंतीवर लावलेल्या पानाला हे सुख नाही.

मी तुमच्या जागी असतो तर घेतलं असतं.

स्पष्टवक्ता | रात्री ११:४८

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. कोलाजला आपण उगाच डोक्यावर घेतो. शाळेत कार्यानुभवच्या तासाला चिकटकाम असायचं, डाळी, बटणं, पेन्सिलीचं साल चिकटवून मोर करायचो. चित्रकाराला मानवी शरीर, प्रकाश, पर्स्पेक्टिव्ह शिकायला वर्षं लागतात. इथे पान निसर्गाने केलं, जाळी अळीने केली, इरकल विणकराने विणली. कलाकाराने काय केलं? तुमच्या मुलाचं काही चुकलं नाही.

लोकलप्रेमी | रात्री ११:५१

मग त्या हिशोबाने स्वयंपाक पण शेतकऱ्यानेच केला म्हणायचा :)

सुगरण_घणसोली | रविवार, सकाळी ७:२०

+१ लोकलप्रेमी. सकाळी सकाळी हसले.

रेघोट्या | रविवार, सकाळी ९:१५

मी शाळेत चित्रकला शिकवते त्यामुळे हा प्रश्न मला दर वर्षी पालकसभेत येतो. स्पष्टवक्तांचा मुद्दा नवीन नाही, १९१२ मध्ये पॅरिसमध्ये हेच बोलले गेले असेल. त्या वर्षी पिकासोने वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि कडेने फ्रेम म्हणून दोरखंड गुंडाळला. त्याच वर्षी त्याचा चित्रकार मित्र ब्राकने लाकडासारखा दिसणारा भिंतीचा कागद चित्रात चिकटवला. दोघांनाही उत्तम रेखाटन येत होतं, खुर्ची रंगवता आली असती. पण चिकटवलेला तुकडा चित्रात एकाच वेळी दोन गोष्टी असतो, तो खुर्चीही असतो आणि स्वयंपाकघरातलं मेणकापडही असतो. तलावपाळीच्या त्या फ्लेमिंगोचं तेच आहे. पक्षी पण आणि कुणाचं तरी लग्न पण. रंगवलेल्या फ्लेमिंगोला ते करता येत नाही.

आणि निसर्गाच्या कोलाजचा इतिहास तर त्याहून जुना. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाची बाई होती, जन्म १७००. नवरा गेल्यावर, वयाच्या ७२ व्या वर्षी तिने रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे कापून काळ्या कागदावर फुलं करायला सुरुवात केली. पाकळी, पुंकेसर, देठावरची लव सगळं कागदाचं, कधी कधी एखादं खरं पानही त्यात चिकटवायची. दहा वर्षांत साडेनऊशेच्या वर फुलं झाली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि वनस्पतिशास्त्रवाल्यांनीही ती नावाजलीत. नजर अधू झाल्यावर ती थांबली.

आपल्याकडे बरोब्बर उलटं झालं. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर १९५७ च्या सुमारास त्यांची दृष्टी पूर्ण गेली, आणि त्यानंतर ते कागद कापून, बोटांनी चाचपून कोलाज करायला लागले. एकीने डोळे गेले म्हणून कात्री खाली ठेवली, दुसऱ्याने डोळे गेले म्हणून हातात घेतली. मी मुलांना हे सांगते तेव्हा वर्गात खरंच शांतता पसरते.

मुलाला सांगा, चौथीत केलंस ते पण कोलाजच. ताईंनी चाळीस वर्षं जास्त बघितलंय एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

चौकटवाला | रविवार, सकाळी ११:४०

वाशीला माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, पंचवीस वर्षं हेच करतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. टिकतं. पण फ्रेम नीट पाहिजे. ताई, घ्यायच्या आधी चित्र उलटं करून पाठ बघा, लाजू नका, कुणीही चांगला कलाकार आनंदाने दाखवतो.

काच चित्राला टेकलेली नको. पान काचेला टेकलं की पावसाळ्यात मधे वाफ धरते आणि तिथेच बुरशीचा पहिला ठिपका येतो. मधे निदान सहा सात मिलिमीटरची जागा पाहिजे, आम्ही आतून कडेने पट्टी देतो त्याला. मागे साधा प्लाय किंवा पुठ्ठा नको, ॲसिड फ्री बोर्ड पाहिजे. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल काही वर्षांत वर झिरपतं आणि कागद पिवळा पडतो, वर्तमानपत्राचं बघा ना, आठ दिवस उन्हात राहिलं की कसं होतं. पाठ कागदी टेपने पूर्ण बंद केलेली पाहिजे म्हणजे कसर आत शिरत नाही. आणि खालच्या दोन कोपऱ्यांना मागून नमद्याच्या छोट्या टिकल्या लावा, म्हणजे फ्रेम भिंतीपासून जराशी सुटी राहते, मागून हवा खेळते.

भिंत कुठली हे सगळ्यात महत्त्वाचं. बिल्डिंगच्या बाहेरच्या बाजूची भिंत, जिला पावसाळ्यात ओल येते, तिच्यावर अजिबात नको. बाथरूमला लागून असलेली नको. पश्चिमेची खिडकी समोर नको. आतल्या पार्टिशनच्या भिंतीवर लावा.

निवांत_नेरूळ | रविवार, दुपारी १२:१०

चौकटवाले दादा, हे मला चार वर्षांपूर्वी सांगणारं कुणी भेटायला हवं होतं. आईने माहेरच्या परसातली फुलं वहीत दाबून ठेवली होती, अबोली, गोकर्ण, कोरांटी. आजोळचं घर विकलं तेव्हा ती वही तेवढी उरली. मी तिला सरप्राइज म्हणून घराजवळच्या एका दुकानात देऊन सगळ्या फुलांची एक फ्रेम करून घेतली. काच थेट फुलांवर, मागे साधा पुठ्ठा. बाहेरच्या भिंतीवर लावली कारण तीच भिंत मोकळी होती. पहिल्याच श्रावणात गोकर्णाच्या निळ्यावर पांढरी साय धरली आणि दिवाळीपर्यंत सगळं काळं पडलं. आई काही बोलली नाही, उलट मलाच समजावत होती. पण मला अजून वाईट वाटतं. वहीत होतं तेव्हा तीस वर्षं टिकलं होतं.

चौकटवाला | रविवार, दुपारी १२:३०

निवांत, फार वाईट वाटलं वाचून. ती फ्रेम अजून आहे का? असेल तर उघडू नका, फेकू तर अजिबात नका, एकदा घेऊन या. बुरशी कोरडी झाली असेल तर मऊ ब्रशने बरीचशी निघते. रंग परत येणार नाही पण आकार वाचवता येतील. पैशांचं नंतर बघू.

निवांत_नेरूळ | रविवार, दुपारी १२:३३

आहे. माळ्यावर आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

पाऊलवाट | रविवार, दुपारी २:४५

मला वेगळीच शंका आहे आणि ती स्पष्ट विचारतो. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथून परवानगीशिवाय काहीही उचलून आणणं बेकायदेशीर आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आम्ही दर रविवारी जायचो तेव्हा लोक सर्रास पानं, शेंगा, घरटी, पिसं पिशवीत भरताना बघितलेत. एक घरटं तर मी स्वतः परत ठेवायला लावलंय. निसर्गप्रेमाच्या नावाखाली जंगल ओरबाडायचं आणि भिंतीवर लावायचं हे मला पटत नाही. आणि खाडीचं काय, तिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ ला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळालाय. तिवरं तर सगळीकडेच संरक्षित. ताईंनी हे सगळं कुठून आणलं?

लोकलप्रेमी | रविवार, दुपारी ३:०२

अरे पण खाली पडलेलं पान उचललं तर कुणाचं काय गेलं? एरवी कुजूनच जाणार.

वनस्पतीवेडी | रविवार, दुपारी ४:२०

लोकलप्रेमी, कुजणं हेच तर काम आहे गं त्या पानाचं. पान कुजतं तेव्हा त्यातलं सगळं मातीत परत जातं, बुरशी, वाळवी, गोगलगायी, सगळ्यांचं जेवण ते. एकीने एक पान उचललं तर काही नाही, पण रविवारी किती माणसं येऊरला जातात बघ. त्यामुळे पाऊलवाटशी मी सहमत, उद्यानाच्या आतून नको म्हणजे नको.

आता मूळ प्रश्नाकडे येते कारण मला राहवत नाहीये. तलावपाळी, तू म्हणतेस रंग उडणार. पण तुझ्या चित्रातल्या सागाच्या पानांमध्ये उडायला रंग उरलाच नाहीये! पावसाळ्याच्या शेवटी सागावर एक अळी पडते, ती शिरांच्या मधला हिरवा गर तेवढा खाते आणि शिरा सोडून देते. भाद्रपदात येऊरकडे बघितलंस तर सागाची झाडं ऐन हिरवाईत तपकिरी दिसतात, लोकांना वाटतं झाड मेलं. मेलेलं नसतं. तर हरितद्रव्य उजेडाने मोडतं म्हणून हिरवं पान फिकं पडतं, पण जाळीत हरितद्रव्य नाहीच, आहे तो नुसता शिरांचा काष्ठमय भाग. तो थोडा उजळेल, ठिसूळ होईल, पण आहे तसाच दिसेल वर्षानुवर्षं. आजोबांच्या पिंपळपानाचंही हेच गुपित आहे. नेचा मात्र जाणार, तो आधी पोपटी, मग गवती, मग गव्हाळ होईल.

आणि स्पष्टवक्ता, जाळी अळीने केली हे तुम्ही बरोबर ओळखलंत. मला तर त्यामुळेच ते चित्र आवडलं न बघता.

अवांतर: तिवराचं पान वापरायचं असेल तर आधी गोड्या पाण्यात धुवावं लागतं. तिवर जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं, कोरड्या दिवसात पानावर बारीक कण दिसतात, जीभ लावली तर खारट लागतं. मीठ राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग खळ सुटते.

ऐरोलीचा_बंड्या | रविवार, सायंकाळी ६:१५

धाग्यात फ्लेमिंगो आले म्हणजे आम्ही येणारच. ताईंना सांगा, ठाण्यात बसून खाडी बघू नका, ऐरोलीला या, बोटीतून जवळून दाखवतो. पक्षी डिसेंबरनंतर वाढतात. आणि ते गुलाबी का होतात माहितीये का, ते खातात त्या शेवाळात रंगद्रव्य असतं म्हणून. पिल्लू जन्मतं तेव्हा करडंच असतं.

निवांत_नेरूळ | रविवार, सायंकाळी ६:२२

ऐरोलीवाल्यांनी फ्लेमिंगो आपल्या नावावर करून घेतलेत का? आमच्याकडे पाम बीच रोडने जाताना बसमधून दिसतात फुकट.

ऐरोलीचा_बंड्या | रविवार, सायंकाळी ६:२५

बसमधून दिसतो तो गुलाबी ठिपका. बोटीतून डोळा दिसतो, पिवळा.

सुगरण_घणसोली | रविवार, रात्री ८:१०

भांडू नका, खाडी एकच आहे. मला एक सांगा, पिंपळाच्या पानाची जाळी घरी कशी करतात? मी मागे पाण्यात भिजत ठेवली होती, पाचव्या दिवशी असा वास सुटला की शेजारच्या काकू विचारायला आल्या, सुकट आणलीय का.

वनस्पतीवेडी | रविवार, रात्री ८:४०

वास येणारच, गर कुजूनच सुटतो. जून, पूर्ण वाढलेलं पान घे, कोवळं फाटतं. बादलीत बुडवून गॅलरीच्या कोपऱ्यात झाकून ठेव, दोन ते चार आठवडे लागतात, मधे मधे पाणी बदल, डासांमुळे झाकण हवंच. गर बोटाला बुळबुळीत लागला की ताटात थोडं पाणी घेऊन पान त्यात तरंगतं ठेव आणि मऊ टूथब्रशने हळू टिपत जा, घासू नकोस, टिपत जा. मग जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेव, पहिले चार पाच दिवस कागद रोज बदल. तेवढं झालं की शंभर वर्षं बघायला नको.

कोपरीचे_आजोबा | रविवार, रात्री ९:०५

वहीच्या बांधणीवाल्यांकडे पूर्वी खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. आमच्या शेजारी एक बाइंडर राहायचे, त्यांची बोटं कायम निळसर. मोरचूद विषारी असतो, मुलांपासून लांब ठेवावा, पण त्यांनी बांधलेली पुस्तकं आजही शाबूत आहेत.

स्पष्टवक्ता | सोमवार, सकाळी १०:३०

वनस्पतीवेडी आणि रेघोट्या, दोघींचं वाचलं. पटलं असं नाही, पण बघितल्याशिवाय बोलणं चूक होतं एवढं मान्य. बुधवारी ठाण्यात काम आहे, जाऊन येतो आणि जे वाटेल ते लिहितो.

तलावपाळी | मंगळवार, रात्री ९:५०

आज ऑफिसमधून लवकर निघून परत गेले. पाऊलवाट, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, आणि त्यांना राग आला नाही, उलट म्हणाल्या हे विचारणारे तुम्ही पहिले. त्यांनी एक वही काढून दाखवली, त्यात प्रत्येक चित्रासमोर लिहिलंय काय कुठून आलं.

सागाची पानं वर्तकनगरच्या एका जुन्या कॉलनीतल्या झाडाची, तिथला माळी झाडून ढीग करतो त्यातली. सावरीचा कापूस रस्त्याकडेच्या झाडाखालचा. पळसाची पानं स्टेशनजवळच्या गजरेवालीकडची, मोगऱ्याचा गजरा त्यात बांधून मिळतो, गजरा केसात जातो आणि पान वहीत. नेचा त्यांच्या गॅलरीच्या कुंडीत आपोआप उगवलेला. तिवराचं पान एकही नाही, पानं सगळी हिरव्या रंगाच्या जुन्या चेकबुकांच्या कव्हरची आहेत. पिसं कुठेच नाहीत, त्या म्हणाल्या पक्ष्यांची पिसं ठेवण्यात कायद्याची भानगड असते म्हणून पहिल्या दिवसापासून ठरवलं की पक्षी फक्त कागदाचे.

आणि एक चित्र मी शनिवारी नीट बघितलंच नव्हतं. उभं, अरुंद, मातकट. नुसत्या काड्या एकाला एक लावलेल्या, त्यावर कुठे माती राहिलेली, कुठे पडलेली, आणि एका फटीतून पिवळा उजेड यावा तसा कागद. त्या कारवीच्या काड्या आहेत. दर पावसाळ्यात त्या एका मावशींकडून रानभाजी घेतात, शेवळं, टाकळा, कोरल. येऊरच्या पाड्यातल्या त्या मावशींनी घराचा जुना कूड मोडून विटांची भिंत घातली तेव्हा उरलेल्या काड्या चुलीत घालायच्या आधी एक मोळी ताईंसाठी बाजूला ठेवली. काड्यांवरची माती धुतलेली नाही, तशीच आहे, शेण आणि भाताच्या तुसासकट. जवळून बघितलं तर मातीत बोटांचे ठसे दिसतात. कुणी कधी सारवलं असेल ते माहीत नाही, पण चार बोटं अगदी स्पष्ट, उजवीकडून डावीकडे गेलेली.

पाऊलवाट | मंगळवार, रात्री १०:१५

मी माझे शब्द मागे घेतो. ताईंना माझा नमस्कार सांगा. वही ठेवतात हे फार आवडलं, प्रत्येकाने असं करायला हवं. कारवीची काडी म्हणजे तर आमच्यासाठी जीव की प्राण, आठ वर्षांनी एकदा फुलते, २०१६ ला फुलली तेव्हा डोंगर जांभळे झालेले बघितलेत, मग २०२४ ला. बी टाकलं की झुडूप वाळून जातं आणि उरते ती ही काडी, तिचाच कूड होतो.

लोकलप्रेमी | मंगळवार, रात्री १०:२०

बोटांचे ठसे वाचून काटा आला. रविवारी जातेय.

रेघोट्या | मंगळवार, रात्री १०:४४

मी शुक्रवारी सातवीचा वर्ग घेऊन जाऊ का असं त्यांना विचारशील का तलावपाळी? बेचाळीस मुलं आहेत, दोन बॅचमध्ये आणेन.

तलावपाळी | मंगळवार, रात्री १०:४६

विचारते. हो म्हणतील बहुतेक, फक्त डबे बाहेर ठेवा म्हणतील, मुंग्या.

स्पष्टवक्ता | बुधवार, रात्री ११:२०

जाऊन आलो. दीड तास होतो.

आधी जे आवडलं नाही ते. उपवनच्या संध्याकाळचं चित्र, दिव्यांसाठी चॉकलेटची चांदी वापरलीय, ते मला ग्रीटिंग कार्डासारखं वाटलं. प्लास्टिकच्या पिशव्यांची खाडी केलीय त्यात सांगायचंय ते इतकं ओरडून सांगितलंय की बघायला काही उरत नाही. ३१ पैकी सात आठ चित्रं मी काढून टाकली असती. हे मी ताईंनाही सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, उपवनच्या बाबतीत मान हलवली, प्लास्टिकच्या बाबतीत नाही.

आता बाकीचं. 'कलाकाराने काय केलं' असं मी विचारलं होतं. कुडाच्या चित्रापुढे उभा होतो तेव्हा मला उत्तर मिळालं. त्या काड्यांच्या मोळीतून नेमकी तीच बाजू वर ठेवायची जिच्यावर बोटं आहेत, आणि फट नेमकी डोळ्याच्या उंचीवर ठेवायची, म्हणजे माणूस वाकून आत बघायला जातो. मी वाकलो. माझ्या मागे उभे असलेले गृहस्थही वाकले. माझी आजी मुरबाडकडच्या गावात अशाच कुडाच्या घरात राहायची, दुपारी आत अंधार असायचा आणि फटीतून ऊन यायचं त्यात धूळ तरंगायची, मी ते धरायचा प्रयत्न करायचो. साठ वर्षांत मला ते आठवलं नव्हतं.

पर्स्पेक्टिव्ह शिकायला वर्षं लागतात हे मी म्हणालो होतो, त्यावर मी ठाम आहे. पण काय ठेवायचं आणि काय काढायचं हे कळायलाही तेवढीच लागतात. तलावपाळी, तुमच्या सागाच्या चित्रावर अजून लाल टिकली, म्हणजे विकलं गेल्याची खूण, लागलेली नाही. पाठ मी उलटून बघितली, चौकटवाले म्हणतात तशीच आहे, पट्टी, बोर्ड, टेप सगळं.

चौकटवाला | गुरुवार, सकाळी ९:००

वा! नमद्याच्या टिकल्या होत्या का?

स्पष्टवक्ता | गुरुवार, सकाळी ९:१२

नव्हत्या.

चौकटवाला | गुरुवार, सकाळी ९:१४

मग त्या मी देतो. निवांतची फ्रेम काल आली, उघडली. अबोली गेली पण गोकर्णाची चार फुलं आणि कोरांटीची एक डहाळी सुटी निघाली, आकार पूर्ण आहे. नवीन बोर्डवर बसवतोय.

निवांत_नेरूळ | गुरुवार, सकाळी ९:४०

आईला फोटो पाठवला. तिने नुसतं 'कोरांटी' एवढंच लिहिलं आणि मग फोन केला. पाऊण तास बोलत होती परसाबद्दल. विहिरीच्या कडेला कोरांटीचं कुंपण होतं हे मला माहीतच नव्हतं.

तलावपाळी | शनिवार, रात्री ९:३०

घेतलं.

काल संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. मुलगा आधी तोंड वाकडं करून उभा होता, मग फ्लेमिंगोंपाशी अडकला, पत्रिकांवरची नावं वाचायला लागला आणि एका पंखावर 'कोपरी, ठाणे (पूर्व)' सापडलं तेव्हा मोठ्याने ओरडलाच. (आजोबा, तुमच्या ओळखीत कुणाचं लग्न असेल!) नवऱ्याने ताईंना सरळ विचारलं, रंग जाणार तर पान का लावता, रंगवून का टाकत नाही. त्यांनी उत्तर म्हणून फ्रेमच्या मागचा एक लिफाफा उघडून दाखवला. काळ्या कागदाचा, बोटभर लांब. ज्या चित्रात हिरवं पान असतं त्याच्या मागे त्याच फांदीचं दुसरं पान त्या अंधारात ठेवतात, वर तारीख घालून. नेच्याची दोन पानं एकाच दिवशी तोडलेली, एक समोर, एक मागे. दर वर्षी त्या तारखेला काढून शेजारी धरून बघा म्हणाल्या, आणि वाटलं तर फोन करून सांगा किती फरक पडला ते. मग नवऱ्यानेच पाकीट काढलं.

पॅसेजमधल्या आतल्या भिंतीवर लावलंय, तिथे ऊन येत नाही. सासूबाईंनी इरकल ओळखली, त्यांच्या आईकडे त्याच काठाची होती म्हणाल्या, आणि मग हात पुसून काचेवरून एकदा बोट फिरवलं.

कोपरीचे_आजोबा | शनिवार, रात्री ९:५५

छान केलंत. पत्रिकेवर तारीख दिसतेय का बघायला सांगा मुलाला. उद्या मी जातो आहे, सौ.ला घेऊन. शेवटचा दिवस ना, किती वाजेपर्यंत?

तलावपाळी | शनिवार, रात्री ९:५७

आठ. पण सातच्या आत जा, ताईंना आवरायला वेळ लागतो. तारीख फाडली गेलीय, फक्त 'वैशाख शु.' एवढंच उरलंय.